इनास मेस्तर आणि गोडी बाव

सकाळची घंटा झाली की इनास मेस्तर गुडघे टेकून प्रार्थना म्हणत, आणि उठल्यावर पहिलं काम म्हणून ओट्यावरचा माठ उचलून पालथा करत. रात्री उरलेलं सगळं पाणी दारच्या चाफ्याच्या मुळाशी जाई. मग काथ्याने माठ आतून घासायचा, दोनदा खळबळायचा आणि कळशी घेऊन विहिरीवर जायचं. आमच्या गावाला एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला मिठागरं, आणि प्यायला देवळाच्या आवारातली एकच विहीर. अशा गावात माठभर पाणी झाडाला घालणारा माणूस वेडा ठरायला वेळ लागत नाही. येणारे-जाणारे विचारत, "काय मेस्तर, माठात पाल पडली काय?" मेस्तर हात न थांबवता म्हणत, "पाल न्हाय, रात पडली. कालचं भरून ठेवलं की वास मारतं, दादा. डोकं बी असंच. रोज सकाळी उपसायचं आणि घासायचं."

मेस्तर म्हणजे देवळाच्या, आमच्या चर्चच्या, शाळेचे मास्तर. वाचन, गणित, धर्मशिक्षण, रविवारच्या मिस्सेतलं, म्हणजे उपासनेतलं, गाणं, सगळं त्यांच्याकडे. उंच, वाकलेले, एकच काळा कोट, तो उन्हाने हिरवट झालेला. बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. मी आधी त्यांची विद्यार्थिनी; पुढे वांद्र्याला शिकून आले आणि त्यांच्याच शाळेत दुसरीच्या वर्गावर लागले. ते मला फिलूबाय म्हणत.

त्यांना जाऊन महिना झाला. महिन्याच्या मिस्सेनंतर गावच्या मंडळींनी ठरवलं की विहिरीच्या कठड्यावर त्यांच्या नावाचा संगमरवरी दगड बसवायचा. शिकलेली म्हणून दगडावरच्या ओळी लिहायचं काम माझ्याकडे आलं. "चांगलं लिही हां बाय, गावाचं भूषण वगैरे," असं मला सांगण्यात आलं. ज्यांनी सांगितलं त्यांच्या तोंडाकडे मी बघत राहिले. दगडासाठी जे लिहायचं ते मी लिहिलं. पण दगड लहान असतो. त्यावर न मावलेलं इथे लिहिते आहे.

विहिरीला गाव गोडी बाव म्हणे. खाडी इतकी जवळ असून पाणी नारळाच्या पाण्यासारखं. त्याच पाण्याने भात शिजे, त्याच पाण्याने फादर देवळात बाप्तिस्मा देत. धर्मशिक्षणाच्या तासाला मेस्तर हमखास विचारत, "बाप्तिस्म्याचं पाणी डोक्यावर का ओततात? पायावर का न्हाय? चिखल तर पायाला असतो." मग स्वतःच उत्तर देत, "कारण देवाला ठाऊक हाय, घाण कुठे असते. आधी विचार धुवायचा. विचार नवा झाला की पाय आपोआप बरोबर वाटेला जातात." आम्ही मुलं हसायचो. मीही हसलेली आहे.

आता नव्यांबद्दल सांगायला हवं. मिठागरावर राबणारी पंधरा-वीस कुटुंबं गावाच्या टोकाला, बांधाजवळ राहत. त्यांच्या आज्यांनी बाप्तिस्मा घेतला होता. आमचे पूर्वज त्यांच्याआधी कधीतरी ख्रिस्ती झाले, एवढाच फरक. पण आम्ही जुने आणि ते नवे. तीन पिढ्या झाल्या तरी नवेच. देवळात ते मागे, दाराशी उभे. मिरवणुकीत शेवटी. आणि गोड्या बावीवर त्यांनी दोराला हात लावायचा नाही; कठड्याखाली मडकं ठेवून बसायचं, जुन्यांपैकी कुणी वरून ओतलं तर न्यायचं. कुणी भांडलं की म्हणायचं, "जा रे, नवा कुठला!" मेस्तर एकदा वर्गात खडू खाली ठेवून म्हणाले, "नवं व्हायलाच तर आपण देवळात जातो. मग 'नवा' ही शिवी कशी झाली? सांगा बघू." संध्याकाळी दोन मुलांचे बाप मेस्तरांच्या ओट्यावर येऊन बजावून गेले की पाढे शिकवा, बाकीचं आम्ही बघतो.

युद्ध सुरू व्हायच्या आधीचा मे महिना. नव्यांमधल्या रुझायचं लग्न ठरलं. रुझाय मेस्तरांची धर्मकन्या. तिच्या बाप्तिस्म्याच्या दिवशी जुन्यांतलं कुणी पुढे येईना, तेव्हा मेस्तर आणि त्यांची बायको पुढे होऊन तिचे पादिन-मादिन, म्हणजे धर्मपिता-धर्ममाता, झाले होते. आमच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी उंबराचं पाणी आणतात. नवरीच्या घरच्या बाया वाजतगाजत विहिरीवर जातात, पहिली कळशी भरतात, त्या पाण्याने दुसऱ्या दिवशी नवरीला न्हाऊ घालतात. त्याशिवाय मुलगी नवरी झाली असं कुणी मानत नाही. नव्यांच्या मुली बांधाजवळच्या डबक्यातलं मचूळ पाणी आणत. रुझाय मेस्तरांना म्हणाली, "पादिन, मला गोड्या बावीचं पाणी पायजे. एकदाच."

मेस्तर आधी फादरांकडे गेले. फादर वयस्कर, मवाळ माणूस. म्हणाले, "मेस्तर, सगळ्याला वेळ यावी लागते."

"फादर, रुझायचं लगीन उद्या. तुमची वेळ कधी यायची हाय?"

"गावात भांडण नको."

"ज्या पाण्यानं तुमी तिला देवाची लेक केलीत, त्या पाण्याच्या दोराला तिनं हात लावायचा न्हाय, हे मला एकदा समजावून सांगा. मी मास्तर हाय, समजलं तर वर्गात शिकवीन."

फादरांनी प्रार्थनेचं पुस्तक उघडलं आणि ते वाचू लागले.

मग मेस्तर आमच्या घरी आले. पहिली कळशी मादिनेने भरायची असते, पण रुझायची मादिन, म्हणजे मेस्तरांची बायको, वारली होती. तिच्या जागी मी उभं राहावं असं त्यांना वाटत होतं. मी काही बोलायच्या आत माझी आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "मेस्तर, तुमच्या मागे रडायला कुणी न्हाय. माझ्या पोरीचं लगीन व्हायचं हाय." मेस्तर माझ्याकडे बघत राहिले. आईकडे नाही, माझ्याकडे. मी म्हणाले, "मेस्तर, माझ्या वर्गाच्या वह्या तपासायच्या आहेत." मे महिना होता. शाळा बंद होती.

"तपास हां," ते म्हणाले. "चुका राहू देऊ नकोस."

दुपारी चार वाजता वाजंत्री वाजली. एक ढोलकी आणि एक फुटकं बिगूल. पुढे मेस्तर, तोच काळा कोट, आणि खांद्यावर पितळेची कळशी. पुरुषमाणसाने उंबराच्या पाण्याची कळशी उचललेली कुणी पाहिली नव्हती. ओट्याओट्यावर बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. "मेस्तरांचंच लगीन दिसतं," कुणी ओरडलं. मेस्तर म्हणाले, "या मग जेवायला!" आणि चालत राहिले. मी आमच्या खिडकीआड उभी होते; तिथून विहीर दिसे आणि तिथलं बोलणंही ऐकू येई.

विहिरीजवळ बस्त्याव पाटील पाच-सहा जणांना घेऊन उभा होता. अर्धी मिठागरं त्याची, देवळाच्या कमिटीत तोच पुढे, शाळेच्या कमिटीतही तोच. तो म्हणाला, "मेस्तर, तुमी काढा पाणी. तुमी आमचेच हाव. तिला ओतून द्या. कुणी काय बोलणार न्हाय."

हे मी त्या वेळी ऐकलं तेव्हा मला हायसं वाटलं होतं, हे लिहिताना लाज वाटते. मला वाटलं, मिटलं. मेस्तरांनी ओतून दिलं असतं तर खरंच मिटलं असतं. पाटलाने चांगली वाट काढली होती; जग नेहमी अशीच चांगली वाट काढून देतं. मेस्तरांनी कळशीला दोर बांधला, क्रूसाची खूण केली, कळशी आत सोडली. कळशी भरली. मग त्यांनी दोराचं टोक रुझायच्या हातात दिलं. "ओढ बाय. देवाचं नाव घे आणि ओढ."

रुझायने दोर दोन्ही हातांनी घट्ट धरला. मग कळशी ओढली. मिठागरावर घमेली उचलणारे हात ते. कळशी वर आली तेव्हा बांधाकडच्या बाया गाऊ लागल्या. देवळाच्या दारात फादर दिसले, आणि मग दिसेनासे झाले.

रुझायचं लग्न झालं. त्या पाण्याने ती न्हाली. हे सगळ्यात आधी मनात पक्कं धरायचं, कारण पुढे जे झालं त्याने हे पुसलं जात नाही.

लग्नाच्या तिसऱ्या दिवशी गावात ठरलं की बाव बाटली, ती उपसायची. तळ दिसेपर्यंत उपसायची आणि फादरांकडून आशीर्वाद घ्यायचा. उपसण्यासाठी घरटी एक माणूस. आमच्या घरातून मी गेले. वडील भाईंदरला कामावर होते, आईचे गुडघे दुखत. ही कारणं झाली. खरं म्हणजे मला भीती वाटत होती की गेले नाही तर मला मेस्तरांच्या बाजूची म्हणतील. पंधरा दिवसांपूर्वीच वांद्र्याला जाऊन मी पेटीभर पुस्तकं आणली होती. ती घरी ठेवून मी रॉकेलच्या डब्यांच्या रांगेत उभी राहिले. हातातून हातात डबा, डब्यातून मोरीत. मे महिन्यात, गावातलं एकमेव गोडं पाणी.

दुपारी मेस्तर आले. कठड्यावर हात ठेवून आत वाकून बघितलं. "बस्त्याव, आता थांबा. तळ लागत आला. हे गोडं पाणी खाडीच्या खाऱ्या पाण्याला थोपवून धरतंय. बाव रिकामी केलीत तर खाडी आत येईल."

"मेस्तर, ही बाव आमच्या आज्या-पणज्याची. ती कशी वागते ते आमी तुमच्याकडून शिकू?"

"बावीचं मी काय सांगणार? पाणी कसं वागतं ते सांगतोय. शाळेत तुला पण शिकवलं होतं. तू तेव्हा खिडकीतून बाहेर बघत होतास."

रांगेत दोघं-तिघं हसले. पाटलाचं तोंड लाल झालं. "उपसा!" तो म्हणाला. मग मेस्तर रांगेवरून नजर फिरवत निघाले. माझ्यासमोर क्षणभर थांबले. माझ्या हातात डबा होता. त्यांनी डब्याखाली हात धरला, कारण तो वाकडा झाला होता आणि पाणी माझ्या साडीवर सांडत होतं. डबा सरळ केला आणि गेले. एक शब्द बोलले असते तर मी आज त्यांच्यावर थोडं रागावू शकले असते.

संध्याकाळपर्यंत तळाचा काळा खडक दिसला. फादरांनी येऊन आशीर्वादाचं पाणी आत शिंपडलं. ते पाणी कुठल्या विहिरीचं होतं हे कुणी विचारलं नाही.

रविवारपर्यंत विहीर भरली. मिस्सा झाल्यावर सगळा गाव आवारात जमला. पाटलाने नवा दोर आणला होता, पहिली कळशी त्यानेच काढली, पेला भरला, आणि प्याला. मी पुढेच उभी होते. घोट घशात गेला आणि त्याच्या भुवया जराशा आक्रसल्या, एवढंच. मग त्याने पेला खाली घेतला आणि मोठ्याने म्हणाला, "गोड हाय!"

त्याच्या भावाने पेला घेतला. "गोड हाय." मग देवळाच्या कमिटीची माणसं. गोड हाय. माझी आई प्याली, डोळे मिटून म्हणाली, गोड. पेला माझ्याकडे आला. मी घोट घेतला. जिभेवर मिठागराची चव होती. माझ्या मागे चाळीस माणसं उभी होती आणि समोर पाटील माझ्या तोंडाकडे बघत होता. मी म्हणाले, "गोड आहे." शुद्ध भाषेत म्हणाले. शिकलेली होते ना.

मेस्तर गर्दीच्या कडेला होते. त्यांनी हात पुढे केला. पेला देऊ की नको असं झालं देणाऱ्याला, पण दिला. मेस्तरांनी शांतपणे सगळा पेला संपवला, तळहाताने तोंड पुसलं आणि म्हणाले, "खारं हाय."

त्यांनी रिकामा पेला परत दिला.

"खारं हाय, आणि तुमाला सगळ्यांना ठाऊक हाय. बाव उपसलीत. डोकं उपसायचं होतं."

पाटील म्हणाला, "मेस्तर, तुमच्या जिभेलाच नव्यांचं मीठ लागलंय." तेव्हा मात्र सगळे हसले, सुटका झाल्यासारखे हसले.

महिनाभर गाव ते पाणी गोड म्हणून पीत राहिलं. डाळ शिजेना तेव्हा डाळीला दोष दिला. मुलांचे ओठ फुटले तेव्हा उन्हाला. आवारातल्या केळी पिवळ्या पडून गेल्या. मग एके दिवशी पाटलाच्या घरची बैलगाडी पिंपं घेऊन लांबच्या राई गावच्या विहिरीकडे जाताना दिसली, आणि दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांच्या बाया हंडे घेऊन त्याच वाटेला लागल्या. तरी "खारं" हा शब्द कुणी उच्चारला नाही. म्हणायचं ते इतकंच, की मेस्तरांनी नव्यांच्या हातात दोर दिला आणि देवाने शिक्षा केली. दिवसभर डबे कुणी वाहिले ते देवाला दिसलं नसावं.

शाळेच्या कमिटीने मेस्तरांना काढलं. त्यांची जागा मला दिली. मी घेतली. पहिल्या दिवशी खुर्चीवर बसते आहे तोच ते दारात आले. मला वाटलं, आता बोलतील. ते म्हणाले, "फिलूबाय, खुर्चीचा मागचा डावा पाय हलतो. खाली पाटीचा तुकडा ठेवत जा. टेबलाच्या खणात हाय." आणि बांधाकडे निघून गेले. तिथे मिठाच्या कोठाराच्या सावलीत त्यांनी नव्यांच्या मुलांना शिकवायला सुरुवात केली होती. तो तुकडा अजून त्या पायाखाली आहे.

पुढे सगळी युद्धाची वर्षं आणि त्यानंतरही ते तसेच जगले. देवळात येत, पण आता दाराशी, नव्यांमध्ये उभे राहत. गाणं मात्र तिथूनच म्हणत, आणि मागून येणारा तो एक आवाज पुढच्या सगळ्यांना सुरात ठेवत असे. सकाळी माठ पालथा करणं सुटलं नाही. आता पाणी राईहून यायचं, रुझाय आणि तिचा नवरा आणून देत. मी एकदा न राहवून म्हणाले, "मेस्तर, इतक्या लांबून आणलेलं पाणी ओतता?"

"चाफा पितो की. वाया काय गेलं?" मग काथ्या माझ्यासमोर धरून म्हणाले, "बाय, एक दिवस न्हाय घासला तर काय दिसत न्हाय. दोन दिवस न्हाय घासला तरी दिसत न्हाय. माणूस असाच फसतो. सगळे करतात ते आपण कधी करायला लागलो, ते त्याला कळतच न्हाय."

ह्या पावसाच्या अखेरीस त्यांना ताप आला. मी शेवटच्या आठवड्यात रोज जात होते. एका दुपारी त्यांच्या उशाशी बसून मी सांगून टाकलं. "मेस्तर, त्या रविवारी मला खारं लागलं होतं. मी गोड म्हटलं."

त्यांनी डोळे उघडले नाहीत. "ठाऊक हाय. तुझं तोंड बघितलं होतं मी. लहानपणी एरंडेल पिताना करायचीस तसं."

मी हसले आणि रडले.

"पण मला कशाला सांगतेस?" ते म्हणाले. "माझ्याजवळ सांगणं सोपं हाय. ज्यांच्यासमोर गोड म्हटलंस, त्यांच्यासमोर सांग."

दोन दिवसांनी ते गेले. त्यांना आंघोळ घालायला राईचं पाणी रुझायने आणलं, आणि दुसरा हंडा मी आणला. शवपेटी उचलायला जुन्यांपैकी पुष्कळ जण पुढे आले. आता काही धोका नव्हता. मेलेला मेस्तर काही बोलणार नव्हता.

काल संध्याकाळी दगडाच्या ओळी ऐकायला मंडळी विहिरीजवळ जमली. बस्त्याव पाटील आता काठी टेकत येतो. मी कागद काढला आणि वाचलं: "इनास मेस्तर. ह्या विहिरीचं पाणी आम्ही खारं केलं. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

पाटलाने पुन्हा वाचायला सांगितलं. मी पुन्हा वाचलं.

"हे दगडावर?" तो म्हणाला. "बाय, मेलेल्या माणसाच्या नावावर कुणी असं लिहितं काय? आणि खारं कुठे? जरा जड झालंय पाणी, एवढंच. तूच तर प्याली होतीस ना, सगळ्यांसमोर? काय म्हणाली होतीस?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी कागद कठड्यावर ठेवला. दोर अजून तिथेच होता, आठ वर्षांत फारसा न वापरल्याने नव्यासारखा. दोराला बांधलेली कळशी आत सोडली, ओढली, ओंजळ भरली आणि प्याले. पाटील माझ्या तोंडाकडे बघत होता, अगदी तेव्हासारखा.

"खारं हाय," मी म्हणाले.